अनुभव धागा : आवडत्या लेखकाची नवी कादंबरी आणि आपला झालेला पोपट

सोलापूरकर मंडळी, एकच विनंती. लेखकाचं नाव लिहू नका. नाव आलं की चर्चा पुरस्कार, कंपू आणि जातीवर घसरते आणि पुस्तक राहतं बाजूला. बाकी मोकळेपणानं लिहा.

सुरुवात मीच करतो. ज्यांनी गिरणगावावर लिहिलेलं वाचून मला जुनी मिल आपलीशी वाटायला लागली, त्यांची नवी कादंबरी आगाऊ पैसे भरून मागवली. तीच चाळ, तोच भोंगा, तोच दारुडा मामा. फरक एवढाच की आता सगळे चर्चासत्रात बोलल्यासारखे बोलतात. मामासुद्धा! पिऊन आलेला माणूस ‘विस्थापनाची वेदना’ म्हणतो होय? पन्नासाव्या पानापासून मी फक्त संवाद वाचत गेलो, मग तेही सोडले.

पूर्वभागातली
माझं दुखणं वेगळं आहे. आमच्या घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. या लेखिकेच्या आधीच्या पुस्तकात ती सरमिसळ इतकी बरोबर पकडली होती की अम्माला मी पानंच्या पानं वाचून दाखवली होती. नव्या कादंबरीतली नायिकेची आई विड्या वळते, आणि बोलते मात्र सदाशिव पेठेतल्यासारखी. तेही चाललं असतं. पण ती बाई गठ्ठ्यातून कोरडं पान उचलते आणि थेट वळायला घेते! तेंदूचं पान आधी भिजवतात, ओल्या फडक्यात ठेवतात, मग पत्र्याचं माप लावून कात्रीनं कापतात. कोरडं पान वळायला गेलं की तडकतंच. अम्मानं ऐकलं, मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘हिनं एकदा तरी बसून बघायचं की.’ पुढचं मी वाचलं नाही, तिनंही विचारलं नाही.

पार्क चौक
आमच्या लाडक्या ऐतिहासिक कादंबरीकारांनी मार्शल लॉवर लिहिलं म्हटल्यावर मी उड्याच मारल्या. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, अधिकारी पळाले, मग लष्करी कायदा आला. यात नाट्य काय कमी आहे? तर साहेबांनी मध्ये एक गोरी मडम आणि प्रेमप्रकरण घातलं. आणि शेवटी चौघांना फाशी कुठं, तर सोलापूरच्या किल्ल्यात! अहो, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. आमच्याकडचं शाळकरी पोरगंही सांगेल. कादंबरी आहे, स्वातंत्र्य घ्यावं, मान्य. पण त्या बदलानं गोष्टीत काही वाढलंच नाही. नुसता आळस दिसला.

जुळे सोलापूरकर
हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये वाचायला घेतली, कुर्डुवाडीपर्यंत झोप लागली. एवढाच अनुभव.

वाचनालयवाली
जरा उलट बोलते, रागावू नका. लेखकानं चाळीशीत लिहिलेलं सत्तरीत पुन्हा लिहावं, ही आपली अपेक्षाच चुकीची. माझ्या आवडत्या लेखकाची शेवटची कादंबरी मलाही संथ वाटली. निम्मं पुस्तक म्हातारा गॅलरीत बसलेला. मात्र वडील आजारी असताना पुन्हा हातात घेतली, तर गोळ्यांच्या डबीवरचा त्यातला एक परिच्छेद जसाच्या तसा आमच्या घरात घडत होता. तरीही उत्तम कादंबरी नाहीच म्हणणार मी. संपादकानं शंभर पानं छाटायला हवी होती. मोठं नाव झालं की हस्तलिखिताला हात लावायची कुणाची छाती होत नाही, खरा घोळ तिथं आहे.

पार्क चौक
@वाचनालयवाली, संपादकाचं शंभर टक्के पटलं. पण येरवडा तपासायला संपादक कशाला लागतो?

पूर्वभागातली
कुणाला त्या लेखिकेचं आधीचं पुस्तक हवं असेल तर माझ्याकडे आहे. नवंही घेऊन जा, ते परत नाही दिलं तरी चालेल.