‘भारणे’, ‘मंतरणे’ की ‘जादूटोणा’? गाणं लावून स्वतःपुरता केलेल्या विधीला मराठीत काय म्हणावं?

जुळे सोलापूर (प्रश्न; नावांच्या जागी सोलापुरातले भाग लिहिले आहेत)

मी विक्का या निसर्ग मानणाऱ्या, ‘विचक्राफ्ट’ म्हणवणाऱ्या पाश्चात्त्य पंथाच्या वळणाने घरी, एकटीने, छोटे विधी करते. मेणबत्तीला तेल चोळताना एकच गाणं पुन्हा पुन्हा लावते, बरोबर गुणगुणते. मन भरून आलं की त्याच क्षणी वात पेटवते. कुणावर काही करत नाही; परीक्षेची भीती जावी, आजीच्या जाण्याचं दुःख हलकं व्हावं, एवढ्यासाठीच. याची वही मराठीत लिहायची आहे, पण तीन ठिकाणी अडते. ‘विचक्राफ्ट’ला कोशात चेटूक, जादूटोणा मिळतं आणि ते लिहिताना हात थांबतो. ‘स्पेल’ला, म्हणजे एका हेतूने केलेल्या अशा प्रयोगाला, काय म्हणू? आणि गाण्याने ‘एनर्जी रेझ’ करून (मनातला जोर वाढवत नेऊन) शेवटी ‘ग्राउंडिंग’ करतात (मन परत ताळ्यावर आणतात), त्याला काय म्हणू?

बाळीवेस

ताई, तुमचा हात थांबतो ते योग्यच आहे. ‘जादूटोणा’ मराठीत कधीच स्वतःपुरता नसतो, तो कुणावर तरी असतो. ‘करणी’ तर उघड ‘करणे’वरून आली आहे: कुणीतरी कुणावर काहीतरी केलं. आपल्या सोलापुरात हे दोन भाषांत ऐकू येतं. आमच्या घरात कन्नड बोलतात, आणि कन्नडमध्ये करणीला ‘माट’ म्हणतात. तोही ‘माडु’ म्हणजे करणे यावरूनच. दोन्ही भाषांनी शब्द घडवताना गाणं, मंत्र, भावना यांतलं काहीच घेतलं नाही, फक्त ‘केलं’ एवढंच घेतलं. ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘कुणी केलं?’ हाच. त्या प्रश्नाने किती बायकांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली! नंदुरबारकडच्या डोंगराळ भागात ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाली, जीव गेले. ‘चेटकीण’ हा शब्द अभिमानाने मिरवण्याची पाश्चात्त्य रीत मला समजते, पण आपल्याकडे त्या शब्दाखालचं रक्त अजून ओलं आहे.

शिवाय 2013 च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावातच ‘जादूटोणा’ आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या 20 ऑगस्ट 2013 ला झाली, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तो फसवणूक, छळ, भीती घालणं, उपचार अडवणं अशा गोष्टींवर आहे. भजन-कीर्तनाला त्यात हात लावलेला नाही. तुमचा विधी त्यात बसत नाही, मग त्या शब्दाखाली स्वतःला का बसवायचं?

इंग्लंडचं उलट झालं. तिथला 1735 चा विचक्राफ्ट कायदा 1951 मध्ये रद्द झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत विक्का उघडपणे पुढे आला. त्यांचा शब्द कायद्यातून सुटला, आपला कायद्यात गेला. म्हणून कोशातला प्रतिशब्द जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

साखर पेठ

तेलुगूत त्याला ‘चेतबडी’ म्हणतात. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका तो शब्द हळू आवाजातच बोलायच्या. बाळीवेसच्या काकांशी सहमत. दुसरा मराठी शब्द शोधा की ओ.

बाळीवेस

शोधायला लांब जायला नको, ‘भारणे’ आहे. दोरा भारून देणे, अंगारा भारणे, पाणी भारणे, लिंबू भारणे हे सगळे प्रयोग खेड्यापाड्यांत चालू आहेत. मंत्र म्हणत, फुंकर घालत वस्तूत काहीतरी ‘भरायचं’. तुम्ही मेणबत्तीला तेल चोळत गाणं गुणगुणता, ती क्रिया हीच. आणि याच शब्दाच्या घरातला ‘भारावणे’ पाहा. त्यात मंत्र नाही, मांत्रिक नाही, नुसती भावना आहे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उभे नंदीध्वज, सम्मती, म्हणजे तिथली कन्नड मंगलाष्टकं, वाचली जाते, आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’च्या गजरात अक्षता पडतात. कन्नडचं अक्षर न कळणारा मराठी माणूसही तिथे भारावतो. ‘त्याला कुणीतरी भारलं’ असं मात्र कुणी म्हणत नाही. वस्तू भारायची आणि माणसाने भारावायचं, ही वाटणी भाषेने आधीच करून ठेवली आहे. तुमच्या विधीत दोन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून हीच जोडी तुमची.

‘मंतरणे’सुद्धा चालेल, पण ते आता फार गुळगुळीत झालं आहे. मंतरलेली रात्र, मंतरलेले दिवस. प्रेमपत्रातला शब्द वाटतो. ‘गारुड’ मनावर पडतं, ते तुम्ही घालत नाही. नामच हवं असेल तर ‘भारणी’ लिहा, कुणालाही कळेल. इंग्रजीतल्या ‘चार्म’च्या मुळाशी लॅटिन ‘कार्मेन’ आहे, म्हणजे गाणंच. त्यांना तो धागा व्युत्पत्तीत शोधावा लागतो, आपल्या ‘भारणे-भारावणे’त तो बोलताना कानावर पडतो.

दक्षिण कसबा

मी वैद्यकी करतो, म्हणून ‘भावना’ या शब्दावर बोलतो. प्रश्नात भावना म्हणजे मनातला आवेग एवढाच अर्थ धरला आहे. आमच्या कामात ‘भावना देणे’ ही हाताने करायची क्रिया आहे. आवळ्याचं चूर्ण घ्यायचं, त्यात आवळ्याचाच ताजा रस घालायचा, खलात घोटायचं, सुकवायचं, पुन्हा रस, पुन्हा घोटणं. अशा सात-सात भावना देतात, काही औषधांत त्याहून जास्त. प्रत्येक वेळी चूर्ण दिसायला तेच, पण गुण वाढत जातो.

हा योगायोगाने जुळलेला शब्द नाही. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात ‘भाव’ म्हणजे काय हे सांगताना भरत म्हणतो की ‘भावित’ आणि ‘वासित’ एकाच अर्थाचे, आणि पुरावा म्हणून लोकांच्या बोलण्याकडे बोट दाखवतो: या गंधाने किंवा रसाने सगळं भावित झालं, असं लोक म्हणतातच. म्हणजे नटाचा भाव प्रेक्षकात मुरतो आणि आवळ्याचा रस चूर्णात मुरतो, या दोन्हीला एकच क्रियापद. ताई एकच गाणं पुन्हा पुन्हा लावतात ना? एकदा ऐकून मन हलतं आणि विसरतं. परत परत ऐकताना तो सूर त्या हेतूला, त्या तेलाच्या वासाला चिकटतो. पुढे नुसता वास आला तरी मन त्या जागी जातं. वहीत खुशाल लिहा: ‘मेणबत्तीला या गाण्याच्या भावना दिल्या.’ अनेकवचन ठेवा, म्हणजे क्रिया कळेल.

जुळे सोलापूर

‘गाण्याच्या भावना दिल्या’! वैद्यकाका, हे मी आजच लिहिणार. मग एनर्जी रेझ करण्याला ‘घुमणे’ म्हणू का? आणि सगळ्या संध्याकाळच्या विधीला ‘गोंधळ’ म्हटलं तर? तिथेही संबळ वाजतं, जागरण होतं, भावना चढते.

भवानी पेठ

बाळ, ‘गोंधळ’ नको. मी आराध्यांच्या, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांच्या, घरातली आहे. तुळजापूर इथून जेमतेम 45 किलोमीटर, नवरात्रात चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरतो. आमच्यासाठी गोंधळ म्हणजे चौक भरायचा, दिवटी पेटवायची, संबळ-तुणतुण्यावर देवींना नावं घेऊन बोलवायचं. ‘तुळजापूरची भवानी गोंधळाला ये.’ तो कुळाचा असतो, लग्नानंतर घातला जातो, एकटीने खोलीत होत नाही. रोजच्या बोलण्यात लोकांनी त्याचा अर्थ ‘गडबड’ करून ठेवला, त्याचंच आम्हाला वाईट वाटतं. त्यात आणखी एक अर्थ घालू नका.

‘घुमणे’चंही जपून. हलगी घुमते, आवाज घुमतो, तिथवर ठीक. पण बाई घुमते म्हणजे तिच्या अंगात वारं आलेलं असतं, ते तिने ठरवून आणलेलं नसतं. तुम्ही ठरवून गाणं लावता, ठरवून वात पेटवता. दोन्ही खरं, पण एक नव्हे.

बाळीवेस

मावशींचं म्हणणं मला पटतं. शब्द कुणाच्याही मालकीचा नाही, पण जो शब्द एखाद्या घराच्या पूजेचं नाव आहे तो उचलताना त्या घराला विचारावं. ‘रंग चढणे’ घ्या. भजनाला रंग चढतो, मैफिलीला चढतो, हलगीची लय वाढत गेली की मिरवणुकीला चढतो. यात देव नाही, भूत नाही, माणसांचा आणि तालाचाच मामला आहे. विक्कातही तेच करतात: ढोल किंवा टाळ्या संथ सुरू, लय हळूहळू वाढते, टोकाला पोचल्यावर एकदम थांबतात आणि त्या थांबण्यात हेतू सोडून देतात. मराठीत ‘रंग चढवला आणि सोडला’.

आणि जे चढतं ते उतरवावं लागतं, म्हणून ‘ग्राउंडिंग’ला ‘उतरवणे’. विष उतरवतात, नजर उतरवतात, आवाजसुद्धा वरच्या षड्जावरून खाली उतरवतात. ‘जमिनीशी जोडणे’ असा प्रतिशब्द मी वाचला आहे, तो मला विजेच्या तारेचा वाटतो. उतरवण्यासाठी विधीनंतर काही खायची पद्धत विक्कात आहे. आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच. तिखट-मीठ जिभेला लागलं की माणूस लगेच खोलीत परत येतो. ‘उतारा’ मात्र लिहू नका, तो तिठ्यावर ठेवतात.

विजापूर रोड

मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. माझी हरकत शब्दाला नाही, पुढच्या वाक्याला आहे. ‘गाण्याने वात भारली’ हे ठीक, त्यात तुमची भावना आहे. ‘भारलेल्या वातीने परीक्षेत पास झाले’ हे लिहाल तेव्हा कुणीतरी ती वात विकायला बसेल. गाण्याने श्वास संथ होतो, रडू मोकळं होतं, भीती हलकी होते. हे तर खरंच होतं. वहीत तेवढं नेमकं लिहिलंत तर माझी तक्रार नाही.

जुळे सोलापूर

दादा, मीही तेवढंच मागते. आजच्या पानाचा मसुदा देते, व्याकरण बघा:

‘पहाडी धून लावली. तेलाला तिच्या भावना दिल्या. रंग चढेपर्यंत गुणगुणले, आजी आठवली, भारले. वात पेटवली. मग भाकरी खाऊन उतरवलं.’

बाळीवेस

एकच दुरुस्ती. ‘भारले’ असं एकटं लिहिलंत तर काय भारलं, हा प्रश्न उरतो, कारण ‘भारणे’ सकर्मक आहे. स्वतःबद्दल ‘भारावले’, वातीबद्दल ‘वात भारली’. म्हणजे ‘आजी आठवली, भारावले. वात भारली, पेटवली.’ आणि ‘उतरवलं’च्या आधी कर्म नाही ते तसंच राहू द्या, बोलताना आपण ‘उतरवलं का?’ एवढंच विचारतो.