छज्जे पाडून काच लावायची?

विश्रामबागकर: वरच्या पोस्टमध्ये सल्ला दिलाय की जुने छज्जे पाडा, पश्चिमेला पूर्ण उंचीची काच लावा, एलेव्हेशन (घराची दर्शनी बाजू) उठून दिसेल, उकाड्याला एसी आहेच. हे सांगलीत? तीननंतरचं तिरकं ऊन साध्या 5 मिमी काचेतून जवळजवळ सगळं आत येतं. आतून पडदा लावून काय उपयोग? ऊन काच ओलांडून आलेलं असतं. सावली काचेच्या बाहेरच हवी.

पेठेतला: मग आयुष्यभर सिमेंटच्या जाळीमागे राहायचं का? घर काही दरवर्षी होत नाही. आणि तुमचा दोन फुटी छज्जा मावळतीचं ऊन अडवतो तरी का?

विश्रामबागकर: मावळतीचं नाही अडवत, एवढं मान्य. तिथे उभे लूवर्स (ऊन अडवणाऱ्या पट्ट्या) किंवा भिंतीपासून फूटभर पुढे जाळी हवी. पण छज्जा पाडलात की पावसाचं पाणी भिंतीवरून थेट चौकटीवर येणार, सिलिकॉनची कड सुटणार आणि आतला प्लास्टर फुगणार. त्याचं काय?

मिरजकर: भिंतीवरून कसले भांडताय? मेमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर, खरा ताप स्लॅबचा. इको निवास संहिता 2018 मध्ये, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छताच्या यू-व्हॅल्यूची (छतातून उष्णता किती आत येते त्याचं माप) मर्यादा 1.2 आहे, नुसता स्लॅब त्याच्या दुपटीच्याही वर जातो. इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) जमत नसेल तर निदान ऊन परतवणारं पांढरं कोटिंग तरी मारा.

कराडकर: कोटिंग, कोटिंग! ओल कोंडलेल्या स्लॅबवर मारतात, उन्हात वाफ धरते आणि फुगे येऊन पापुद्रे निघतात. विटांचा कोबा (वीटतुकडे आणि सिमेंटचा जाड थर) घाला, वर चिनी मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. पिढ्यानपिढ्या टिकलेलं काम आहे.

मिरजकर: चार इंच कोबा म्हणजे चौरस फुटाला 18 ते 20 किलो. हजार फुटांच्या गच्चीवर वीसेक टन! त्यात लोक जुना कोबा न काढता त्यावरच दुसरा चढवतात. पाणी खाली शिरलं की एका कोपऱ्यात मुरतं आणि भलत्याच खोलीत गळतं, शोधणार कसं? कोटिंग नीट करायचं तर भेगा व्ही आकारात फोडा, पॉलिमर मॉर्टरने भरा, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला वाटा, म्हणजे कोपऱ्यात मॉर्टरची गोलाई करून त्यावर फायबर जाळी घ्या. स्लॅब पूर्ण वाळल्यावर प्रायमर, मग कोटिंगचे एकमेकांना आडवे दोन हात.

कराडकर: एवढं करणारा मिस्त्री मिळाला तर टिकेल, ठीक आहे. पण शेवाळ आणि धूळ बसून पांढरं काळं पडतं, ते दर फेब्रुवारीत घासायचं कुणी? न घासलं तर थंडावा गेला.

पेठेतला: गच्चीचा धागा वेगळा काढा. मोठी काच मी सोडणार नाही, फार तर उत्तरेला घेईन.

विश्रामबागकर: उत्तरेला घ्या. मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिकडेही तिरपं ऊन येतं, तेव्हा काचेच्या दोन्ही कडांना फूटभर उभी फिन (बाहेर आलेली पट्टी) आणि वर पावसापुरता छज्जा ठेवा.