आंतरशाखीय जलव्यवस्थापन: पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांकडून नेमकं काय करून घ्यावं?

काठावरचा:
हवामानबदल आणि जलसंपदा व्यवस्थापन, पदव्युत्तर वर्ग. १४ जण: सहा स्थापत्य, तीन कृषी, दोन अर्थशास्त्र, दोन समाजशास्त्र, एक भूगोल. हातात दोन सत्रं. पाच विभागांचे प्राध्यापक तीन-तीन आठवडे शिकवतात, मग गटाने एका खोऱ्याचा अहवाल द्यायचा. येतो तो पाच प्रकरणं एकत्र शिवलेला गठ्ठा. जलशास्त्राच्या प्रकरणातला आकडा अर्थशास्त्राच्या प्रकरणात पोचतच नाही. आधी संगणकी मॉडेल घ्यावं की क्षेत्रभेट? आणि समाजशास्त्रवाल्यांना गणित किती द्यावं?

ताळेबंद:
मॉडेल लगेच नको. पहिले चार आठवडे एकच स्प्रेडशीट: पाऊस = बाष्पीभवन व बाष्पोत्सर्जन + बाहेर जाणारा प्रवाह + साठ्यातला बदल. १ चौ. किमीवर १ मिमी पाऊस म्हणजे १,००० घनमीटर. ५०० चौ. किमीचं खोरं, ८०० मिमी पाऊस, म्हणजे ४०० दलघमी (दशलक्ष घनमीटर). एवढा गुणाकार समाजशास्त्रवाल्यांनीही हातानेच करायचा, सुरुवातीला तेवढं गणित पुरे.

खरी मेख व्याख्येच्या रकान्यात आहे. ‘वापर’ हा शब्द शीटमध्ये येऊच देऊ नका. ‘उचललेलं’ आणि ‘खर्ची पडलेलं’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. मग हे उदाहरण सोडवायला द्या: शेताला १०० एकक पाणी दिलं, पिकाने ६० घेतलं, ४० जमिनीत मुरलं आणि त्यातलं बरंचसं खालच्या विहिरींना मिळालं. ठिबक आलं. आता उचल ७०, पिकाने घेतलेलं ६३, मुरणारं फक्त ७. स्थापत्यवाला म्हणणार ३० वाचले. खोऱ्याच्या हिशेबात मात्र खर्च ३ ने वाढलाय, आणि ते ३० वरच्याच शेतकऱ्याने आणखी क्षेत्र भिजवायला वापरले तर विहिरी आटणार. पिकाने जास्त का घेतलं हे कृषीवाला सांगेल, क्षेत्र का वाढतं हे अर्थशास्त्रवाला, आणि ती विहीर कोणाची हे समाजशास्त्रवाला विचारेल. पाचही जण एकाच ओळीवर भांडू लागले की समजा गाडी रुळावर आली.

आवक_जावक:
वरच्याशी सहमत. दुसऱ्या सत्रात हवामान मॉडेलचा डेटा आला की गाडी कुठे अडकते ते सांगतो.

एकक: सीएमआयपी-६ (जगभरच्या हवामान मॉडेलांच्या तुलनेचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प) मधला पाऊस किलो प्रति चौ. मीटर प्रति सेकंद असा असतो. ८६,४०० ने गुणला की मिमी प्रतिदिन.

दिनदर्शिका: काही मॉडेलांचं वर्ष ३६० दिवसांचं, त्यात ३० फेब्रुवारीही असतो! मोजलेल्या नोंदींशी तारखेने जोडायला गेलात की दिवस गळतात, आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही.

दुरुस्ती: मॉडेलचा पाऊस मोजलेल्या पावसाशी जुळवताना फक्त मासिक सरासरी जुळवू नका. मॉडेलं रोज थोडी रिमझिम पाडतात. महिन्याची बेरीज बरोबर येते, पण ते पाणी मातीत मुरून जातं आणि अपधाव (जमिनीवरून वाहून जाणारं पाणी) कमी निघतो. पावसाळी दिवसांची संख्याही जुळवावी लागते. आणि दहा मॉडेलांच्या पावसाची सरासरी काढून ती जलशास्त्रीय मॉडेलला कधीच देऊ नका, मोठ्या सरी सपाट होतात. प्रत्येक मॉडेल वेगळं चालवा, एकत्र करायचं ते निकाल.

जलशास्त्रीय मॉडेलचं कॅलिब्रेशन (मोजलेल्या प्रवाहाशी जुळेल अशी जुळवणी) ओल्या वर्षांवर करा आणि तपासणी कोरड्या वर्षांवर. नॅश-सटक्लिफ गुणांक (मॉडेलचा प्रवाह मोजलेल्या प्रवाहाशी किती जुळतो याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) मोठ्या पुरांकडे झुकतो, त्यामुळे ०.८ दिसला तरी उन्हाळी प्रवाह पार चुकलेला असू शकतो. प्रवाहाचा लॉगॅरिदम घेऊन तोच गुणांक पुन्हा काढायला लावा.

उतारावर:
क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. मॉडेल आधी आणि ‘समाजावरील परिणाम’ शेवटी, हा क्रमच गठ्ठा तयार करतो. सुरुवात उलटी करा: ही व्यवस्था कधी ‘बिघडली’ म्हणायचं? उदा. सलग दोन वर्षं पिण्याच्या पाण्याला कपात. हा उंबरठा समाजशास्त्र आणि अर्थशास्त्रवाल्यांनी मुलाखतींतून आणि तुटीच्या खर्चातून ठरवायचा, तोही पहिल्या सत्रातच. मग पाऊस −२० ते +२० टक्के (दहाच्या टप्प्यांनी) आणि तापमान ० ते +४ अंश (एकाच्या टप्प्यांनी), अशा जलशास्त्रीय मॉडेलच्या २५ धावा. कोणत्या चौकटीत उंबरठा ओलांडला जातो ते रंगवायचं. हवामान मॉडेलं नंतर त्या तक्त्यावर ठिपक्यांसारखी मांडायची. एक पथ्य: पाऊस सरसकट टक्क्यांनी बदलला की पावसातल्या कोरड्या खंडांची लांबी तशीच राहते, म्हणून लांब खंडाची एक वेगळी धाव हवीच.

मुलाखतीला स्थापत्यवाल्यांपैकी एकाने जायचं, पण प्रश्न विचारायचे नाहीत, फक्त टिपणं घ्यायची. नाहीतर ते तिथेच उपाय सुचवायला लागतात.

काठावरचा:
पटलं. उंबरठा आणि ताळेबंद दोन्ही पहिल्या सत्रात बसवतो. गुण कशाला द्यायचे?

ताळेबंद:
१०० पैकी ३० व्याख्या आणि हस्तांतरणाला. सत्राच्या मध्यावर गटांच्या फाइली अदलाबदल करा, तोंडी खुलासा बंद. दुसऱ्या गटाला तीन तासांत फक्त फाइल बघून तोच तुटीचा आकडा काढता आला तर पूर्ण ३०. नाही आला तर कोणत्या ओळीवर अडले ते लिहून परत द्यायचं. बहुधा ती ओळ दोन विभागांच्या मधलीच निघते.