मदत हवी आहे: स्लो कुकरमधली रोजची आमटी

नमस्कार, मी निपाणीची. भावानं दुबईहून स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, आणलाय. सकाळी साडेआठची बस, म्हणून अख्खा मसूर ‘लो’वर आठ तास लावून गेले. पाणी नेहमीच्या मापानं घातलं, पण यात वाफ फारशी बाहेर जातच नाही! तळाला मसूर, वर कांदा-लसूण चटणीचा तवंग. सासूबाई म्हणाल्या, "आमटी की अंघोळीचं पाणी?"

आता पाणी निम्मं घालते, फोडणी कढईत वेगळी देते. राजमा मात्र भिजवून, ते पाणी टाकून, गॅसवर दहा मिनिटं खळखळ उकळूनच घालते. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विष जात नाही.

चिंच-गूळ तुम्ही नेमका कधी घालता? आणि दुपारी दोन-तीन तास करंट गेला, तर आमटी सरळ टाकून देता का?