बँडचं स्वतःचं संगीत
काही जण म्हणतात की बँडवाल्यांचं सगळं वादन उसनं, त्यात अभ्यासण्यासारखं काही नाही. मला हे अजिबात पटत नाही. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने १९०९ साली खास मिलिटरी बँडसाठी सूट (अनेक भागांची वाद्यरचना) लिहिला. फ्रेडरिक फेनेल या वाद्यवृंद संचालकाने १९५२ मध्ये अमेरिकेतल्या ईस्टमन या संगीतशाळेत विंड एन्सेंबल (मुख्यतः फुंकून वाजवायच्या वाद्यांचा छोटा वृंद) उभं केलं, प्रत्येक वेगळ्या सुरावटीला शक्यतो एकच वादक. क्लॅरिनेटची गर्दी हटली आणि प्रत्येक वाद्याचा रंग वेगळा ऐकू येऊ लागला. आमच्या चिपळूणकडे वरातीत क्लॅरिनेटवाला चाल धरतो, ट्रम्पेट मागून उत्तर देतं (मे महिन्याच्या उकाड्यात सूर चढतो, तोही सांभाळून). यातलं काहीच कागदावर नाही. जुने बँडमास्तर आहेत तोवर बसून लिहून घ्यायला हवं. गावातल्या एका मास्तरांपासून मी सुरुवात केलीय, सध्या फोनवर रेकॉर्ड करतोय.