पहिली-दुसरीत गाणी : शिकवणं की टाइमपास?

खडू_फळा (यवतमाळ जिल्हा)
आमची शाळा द्विशिक्षकी. चार वर्ग, दोन खोल्या; पहिली-दुसरी माझ्याकडे. परवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एका पालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गुरुजी, कव्हाबी शाळेवरून जा, गानंच सुरू राह्यते. शिकवता कव्हा?" मी हसून वेळ मारून नेली, पण ते डोक्यातून जात नाही. पहिलीचं पोर सकाळी नुसतं अंगानं शाळेत येतं, जीव बाहेर कुत्र्याच्या पिल्लात असतो. एक कृतियुक्त गीत घेतलं की पोर जागेवर येतं. यमक, शब्दांचे तुकडे, अक्षरांचे आवाज आधी कानात बसले तर पुढे वाचनाला मदतच होते. आणि पाढे? आपण सगळ्यांनी चालीतच पाठ केले ना! मग आता तेच टाइमपास कसं झालं?

सोयाबीन_कपाशी
गुरुजी, राग नका मानू. माही पोरगी तिसरीत हाय. सातचा पाढा असा म्हन्ते का ऐकतच राहावं. काल इचारलं, सात आठी किती? तं तिनं "सात एके सात"पासून गाडी सुरू केली, बोटं मोजत आली तव्हा कुठं छप्पन्न! मधातून सांगता येत नसन तं पाढा आला का गानं आलं? आमच्या गावात रोज संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. लहान लहान लेकरं घडाघडा म्हन्तात. तेच पुस्तकात दाखवा, बोट कुठं ठेवावं कळत नाई त्याइले. मले गान्याचं वावडं नाई, मी सोता भजनात खंजिरी वाजोतो. पन शाळेत मी पोरगी वाचाले धाडतो.

२७_वर्षं_फळ्यापाशी (सेवानिवृत्त)
पालक बरोबर बोलले. आमच्या वेळी गाणं मास्तरांच्या तोंडून यायचं. आता ब्लूटूथ स्पीकर लावतात, पोरं हात हलवतात, मास्तर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात. झाला उपक्रम! निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान २०२१ मध्ये आलं, त्यात तिसरी संपेपर्यंत लेकराला समजून वाचता आलं पाहिजे असं आहे. नाचता आलं पाहिजे असं नाही. आणि पलीकडच्या खोलीत चौथीचा भागाकार चालू असतो, त्याचा कोणी विचार करतं का? ६० पटापर्यंत दोनच शिक्षक, मधली भिंत पातळ, वर टिनाचं छप्पर.

पलीकडच्या_खोलीतली
चौथी माझ्याकडेच असते. आमच्याकडे गाणं परिपाठानंतर १० मिनिटं आणि जेवणाच्या सुटीनंतर ५ मिनिटं. बाकी वेळ गप्प. वेळ ठरवून घेतली की भांडण मिटतं.

दुर्गम_गुरुजी (गडचिरोली)
तुमची लेकरं निदान मराठी बोलत शाळेत येतात. माझी घरी गोंडी बोलतात. उंदी, रंड, मूंद म्हणणाऱ्या पोराला मी पहिल्या दिवशी "एक, दोन, तीन लिहा" म्हटलं तर ते माझ्या तोंडाकडे बघत बसतं. "नाक कुठे, कान कुठे" हे गाणं म्हणत नाकाला हात लावला की शब्द कळतो, समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या वर्षी मी उलटं केलं. त्यांच्या रेला गाण्याच्या फेरात जाऊन उभा राहिलो, पाय चुकले, पोरं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेतली दोघं पहिल्यांदा माझ्याशी बोलली. याला टाइमपास म्हणायचं असेल तर म्हणा.

२७_वर्षं_फळ्यापाशी
तुमची गोष्ट वेगळी सर, ती मान्य. ती दाखला म्हणून सगळीकडे वापरू नका, एवढंच.

भुलाबाईची_मैत्रीण (अकोला)
सात आठी छप्पन्नचा मुद्दा मला फार लागला, कारण माझ्याही वर्गात तेच होतं. पण दोष चालीचा नाही, गाणं न थांबवण्याचा आहे. गाडगेबाबा कीर्तनात "गोपाला गोपाला" म्हणवून घ्यायचे आणि मधेच थांबून समोरच्या माणसाला प्रश्न करायचे. लोक हसायचे, पण उत्तर द्यावं लागायचं. मी आता पाढा टाळीवर घेते, टाळी कुठेही तोडते, आणि जिच्याकडे बोट जाईल तिनं तेवढंच सांगायचं. पुढच्या वेळी पाढा सात पाचापासून सुरू, नाहीतर उलटा. पहिले आठ दिवस नुसता गोंधळ होता. कवितेचंही तसंच. आधी म्हणायची, मग फळ्यावर लिहून एक शब्द पुसायचा. कोणता पुसला, ते वाचल्याशिवाय कसं सांगतील?

भुलाबाईच्या सणात मुलींची गाणी झाली की डब्यातली खिरापत ओळखायला लावतात ना, आंबट का गोड, कुरकुरीत का मऊ? ते मी दुसरीला विशेषणांसाठी वापरते. वर्षभर तोंड न उघडलेली पोरगी तिथे सगळ्यात आधी ओरडली.

खडू_फळा
मॅडम, खरं सांगतो, मी गाणं संपेपर्यंत थांबतच नव्हतो. रंगलेलं मोडायला जीव होत नाही. उद्यापासून टाळी तोडून बघतो. भाऊ, तुमच्यासारख्या पालकांना शनिवारी सकाळच्या शाळेत बोलवीन म्हणतो. खंजिरी घेऊन या.

सोयाबीन_कपाशी
खंजिरी आनतो. पन आधी पोरगी मले छप्पन्न सांगन, मंग वाजवीन.