कोणता अलंकार तुम्हाला खरा कधी कळला?

दहावीला मी अलंकारांचा तक्ता पाठ केला होता. 'सारखा, समान, परी' दिसलं की उपमा, 'जणू, गमे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. गुण पूर्ण मिळाले, पण कविता वाचताना तो तक्ता कधीच आठवला नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ती संख्या शंभरापलीकडे नेली. नुसती यादी वाढवायची म्हणून कुणी एवढी बारकाई करत नाही. प्रत्येक ठिकाणी भाषेत काहीतरी निराळं घडताना त्यांना दिसलं असणार. म्हणून विचारते, एखादा अलंकार पुस्तकाबाहेर तुम्हाला कधी उमगला? व्याख्या नको, प्रसंग सांगा.

* * *

मी मराठी शिकवते. एकदा तास चालू असताना दिवे गेले. कोपऱ्यात उड्या मारायचा दोर पडला होता. पहिल्या बाकावरची मुलगी किंचाळून बाकावर चढली. दिवे आल्यावर मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर दोरच मांडला. 'दोर सापासारखा दिसतो' ही उपमा. 'दोर जणू सापच' ही उत्प्रेक्षा. 'हा दोर म्हणावा की साप?' हा ससंदेह. 'हा दोर नव्हे, सापच' ही अपन्हुती. आणि मुलगी बाकावर चढली तो भ्रांतिमान.

मागून एका मुलाने विचारलं, "बाई, अपन्हुतीतही सापच म्हणतोय आणि भ्रांतिमानातही. मग फरक काय?" इतक्या वर्षांत मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. फरक मनात आहे. अपन्हुतीत बोलणाऱ्याला दोर आहे हे पक्कं ठाऊक असतं, तरी तो मुद्दाम साप म्हणतो. रूपकातही तेच. शास्त्रात अशा जाणूनबुजून धरलेल्या समजुतीला 'आहार्य' म्हणतात. भ्रांतीत माणूस खरोखर फसलेला असतो, म्हणून तो पळतो, ओरडतो, काहीतरी करून बसतो. अर्थात नुसती चूक म्हणजे अलंकार नव्हे. त्या चुकीतून दोन गोष्टींमधलं साम्य मनोहर होऊन समोर आलं पाहिजे. हे सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "मला तर मनोहर नाही वाटलं." तेही बरोबरच होतं. ते मनोहर करणं हे कवीचं काम.

* * *

माझा अनुभव श्लेषाचा, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ निघण्याचा. मी अनुवाद करतो. एका नाट्यपरीक्षणात वाक्य होतं, 'पडदा उघडला आणि सगळी पात्रं रिकामीच निघाली.' ज्या भाषेत न्यायचं होतं तिथे भांड्याला एक शब्द आणि नाटकातल्या माणसाला दुसरा. दोन दिवस झटलो, शेवटी अर्थ राखला आणि श्लेष सोडला. तेव्हा जुनी कसोटी पहिल्यांदा पटली: शब्द काढून त्याच्या जागी समानार्थी शब्द घाला. सौंदर्य टिकलं तर अर्थालंकार, गेलं तर शब्दालंकार. 'पात्रं'च्या जागी 'भांडी' घालून वाचा, काहीच उरत नाही. 'मान खाली घातली तरच इथे मान मिळतो' यातही शब्द बदलून चालत नाही, पण तिथे तोच शब्द दोनदा येऊन दोन अर्थ देतो, म्हणून ते यमक. श्लेषात शब्द एकदाच येतो.

* * *

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून उपमेशी रोजची गाठ. विजेचा 'प्रवाह' समजावताना मी नेहमी नळातल्या पाण्याची उपमा द्यायचो. एका मुलीने विचारलं, "सर, तार तुटली तर वीज बाहेर सांडेल का?" मी थबकलो. नळी फुटली तर पाणी वाहत राहतं, तार तुटली तर प्रवाह थांबतो. उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साम्यवाचक शब्द आणि साधारण धर्म (दोघांतला समान गुण) असे उपमेचे चार भाग मला शाळेपासून पाठ होते, पण चौथ्याचं महत्त्व त्या दिवशी कळलं. दोन वस्तू एका धर्मापुरत्याच सारख्या असतात. आता उपमा दिली की ती कुठे संपते तेही मी त्याच तासाला सांगतो.

* * *

डॉक्टर म्हणून एवढंच सांगेन की वेदना मोजायचं यंत्र नसतं, रुग्णाची उपमाच ऐकावी लागते. 'सुया टोचल्यासारखं', 'आग पडल्यासारखं', 'विजेचा झटका बसल्यासारखं' असं कुणी म्हणालं की मज्जातंतूंचा विचार डोक्यात येतो. 'छातीवर दगड ठेवलाय' म्हटलं की मी लगेच हृदयाची तपासणी करतो. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या मॅकगिल वेदना-प्रश्नावलीत अशी ७८ वर्णनं आहेत. 'सारखं' या शब्दाला मी कधीच अडवत नाही.

* * *

व्याजस्तुती. एका सहकाऱ्याच्या कंटाळवाण्या भाषणानंतर मी म्हणालो, "झोप न येणाऱ्यांवर तुम्ही आज मोठे उपकार केलेत." त्याने मनापासून आभार मानले. स्तुतीच्या आडून केलेली निंदा समोरच्याला कळली नाही तर ती फक्त पाठीमागचा वार उरते. मला ते अजून सलतं.

* * *

माझा मुलगा स्वमग्न आहे. बोललेलं जसंच्या तसं घेतो. 'डोळ्यांत तेल घालून बघ' म्हटल्यावर तो डोळे घट्ट मिटून रडला होता. मी लक्षणा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा घेणं, कॉलेजात शिकले होते: आधी मुख्यार्थाचा बाध (सरळ अर्थ जुळत नाही हे कळणं), मग त्या अर्थाशी संबंध असलेला दुसरा अर्थ, आणि त्यामागे रूढी किंवा काही हेतू. मी त्याला फक्त पहिली पायरी शिकवली. वाक्य ऐकलं की विचार, हे खरंच घडू शकतं का? नसेल तर घाबरू नको, थांब आणि मला विचार. वर्षभर आम्ही वहीत अशी वाक्यं लिहीत होतो. 'पोटात गोळा आला', 'हात आखडला', 'तोंडाला कुलूप लावलं'. काहींवर तो महिनोन्‌महिने अडायचा.

परवा शाळेतून आला, दप्तर ठेवलं आणि म्हणाला, "आई, आज माझे कान भरलेत." या शब्दांचा रूढ अर्थ त्याला ठाऊक नव्हता. आमच्या वहीत हे वाक्यही नव्हतं.

मी उठून रेडिओ बंद केला.